कडी नाही, हाक मार!

मुलामुलींनो, खो-खो तुम्ही खेळला आहात ना? खेळला नसाल, तर पटांगणाच्या कडेला उभं राहून पाहिला तरी असेलच. आठ गडी ओळीत बसलेले. एकाचं तोंड इकडे, तर पुढच्याचं तिकडे. नववा पाठलागावर. पळणारा हुलकावणी देऊन निसटला, की पाठलाग करणारा बसलेल्या गड्याच्या पाठीवर थाप मारतो आणि ओरडतो, ‘खो!’

आमच्या शाळेत एक मुलगा होता. त्याचा ‘खो’ पटांगणापलीकडच्या उसात ऐकू जायचा. एकदा तर उसाला पाणी भरणारे एक आजोबा ‘काय झालं, काय झालं?’ करत बांधावर धावत आले होते! आणि हाच मुलगा हजेरीच्या वेळी ‘हजर’ म्हणायचा, ते त्याच्या शेजारच्यालासुद्धा ऐकू यायचं नाही. मी मान वर करून बघायचे, तो दिसला की खूण करायचे. त्याची वर्षभराची हजेरी मी अशी डोळ्यांनीच घेतली.

त्याचं नाव मात्र मी सांगणार नाही. हा लेख लिहायचा ठरल्यावर मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, ‘बाई, गोष्ट सांगा, पण नाव नका छापू.’ तेव्हा आपण त्याला नुसतं ‘तो’ म्हणू.

आमची शाळा शनिशिंगणापूरच्या परिसरातली. अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, आणि तालुका नेवासा. तुमच्यापैकी कितीतरी जण आईवडिलांबरोबर इथे येऊन गेले असतील. उघड्या चौथऱ्यावरची शनिदेवाची काळी शिळा पाहिली असेल. आणि गावातली घरंही पाहिली असतील. घराला चौकट आहे, पण दार नाही! कडी नाही, कोयंडा नाही, कुलूप नाही. २०११ साली युको बँकेने इथे शाखा उघडली, तीही बिनकुलपाची म्हणून वर्तमानपत्रांत गाजली होती. रात्री कुत्रंबित्रं आत शिरू नये म्हणून लोक चौकटीला एक फळी टेकवून ठेवतात, पडदा लावतात, इतकंच. ही दारांची गोष्ट जरा लक्षात ठेवा बरं का. पुढे लागणार आहे.

गावाकडे येणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना रसवंत्या आहेत. त्यातलीच एक त्याच्या घरच्यांची. शनिवारी, आणि त्यातून शनिअमावास्येला, गाड्यांची नुसती रीघ लागते. आई पुढे उभी राहून ‘या, या, थंडगार रस घ्या’ म्हणून बोलावते. वडील चरकावर. मोठी बहीण ग्लास भरून देते आणि पैसे घेते. आणि तो? तो मागे, गिऱ्हाइकाकडे पाठ करून ऊस तासत बसलेला. कुणी पाहुण्याने सहज विचारावं, ‘बाळा, कितवीत आहेस?’ की बहीण सांगणार, ‘सहावीत आहे.’ ‘नाव काय?’ नावही तीच सांगणार. ‘खेळतोस का काही?’ ‘खो-खो खेळतो. फार पळतो.’ याच्या वतीने सगळी उत्तरं तय्यार. एवढा चांगला वकील फुकटात मिळाल्यावर आपलं तोंड कोण कशाला उघडेल?

तुम्ही म्हणाल, मैदानात एवढा मोकळा, मग बाहेर काय होतं त्याला? मलाही ते कोडंच होतं. डी.एड.ला असताना मीही खो-खो खेळलेली आहे, म्हणून एकदा मी त्या खेळाचाच नीट विचार करून बघितला. खो-खोमध्ये काय बोलायचं ते ठरलेलं असतं. एकच शब्द. कधी बोलायचं तेही ठरलेलं. हात पाठीला लागेल त्याच क्षणी, मोठ्याने. आधी बोललात किंवा नंतर बोललात तर पंच फाउल देतात. कुणाला बोलायचं तेही ठरलेलं. आणि एकदा ‘खो’ देऊन त्याच्या जागी खाली बसलात, की सगळ्यांचे डोळे दुसऱ्याकडे जातात. आपण सुटलो!

आता एखाद्या लग्नाचा मांडव डोळ्यांसमोर आणा. दहा पाहुणे गोल करून बसले आहेत आणि तुम्ही तिथे जाऊन उभे राहिलात. आधी कोण बोलणार? तुम्ही की ते? काय बोलायचं? किती बोलायचं? बोलून झाल्यावर तिथून निघायचं कधी? शिट्टी कोण वाजवणार? यातलं काहीच ठरलेलं नसतं. पुष्कळ मुलांना ते न शिकवता जमतं, जसं काहींना पाण्यात पडल्यावर आपोआप पोहता येतं. काहींना नाही जमत. मग लोक म्हणतात, ‘शिष्ट आहे.’ कुणी म्हणतं, ‘मठ्ठ आहे.’ तो शिष्टही नसतो आणि मठ्ठही नसतो. त्याला या खेळाचे नियम कुणी सांगितलेलेच नसतात.

हे शहाणपण मला आधीच सुचलं असतं तर बरं झालं असतं. मी आधी एक मोठी चूक केली. ती तुम्हाला सांगून टाकते, कारण तुमच्या घरीदारी ही चूक रोज होत असते.

पी. व्ही. सिंधूची एक गोष्ट मी वाचली होती. सिंधू लहानपणापासून बॅडमिंटनमध्ये तेज, पण स्वभावाने शांत. कोर्टवर ओरडणं, मूठ आवळणं तिला जमायचं नाही. तिचे गुरू पुलेला गोपीचंद यांना वाटायचं, हिने आवाज काढला पाहिजे. एके दिवशी त्यांनी तिला अकादमीत सगळ्या खेळाडूंच्या देखत कोर्टच्या मधोमध उभं केलं आणि सांगितलं, ओरड! ओरडल्याशिवाय रॅकेटला हात लावायचा नाही. सिंधू रडली, पण शेवटी ओरडली. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तिने रौप्यपदक जिंकलं, तेव्हा साऱ्या जगाने तिची आरोळी ऐकली.

मला वाटलं, वा! हाच उपाय. १५ ऑगस्टला मी त्याचं नाव भाषणाच्या यादीत घातलं. त्याला विचारलंसुद्धा नाही. ध्वजवंदन झालं, सरपंच बसलेले, पालक बसलेले, मी नाव पुकारलं. तो उभा राहिला. माईकपर्यंत आला. आणि नुसता उभा राहिला. पहिल्यांदा मागची मुलं हसली, मग पुढची. त्याचे कान लाल झाले. शेवटी त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि धूम ठोकली. पळण्यात तर तो पटाईतच! पुढे तीन दिवस तो शाळेत आला नाही.

गोष्ट मी अर्धीच वाचली होती. सिंधू त्या वेळी लहान नव्हती. ती अनेक वर्षं गोपीचंद यांच्या हाताखाली शिकत होती. ते आपल्याला तोंडघशी पाडणार नाहीत हा तिचा भरवसा आधी तयार झालेला होता. शिवाय जागा तिचीच होती, बॅडमिंटनचं कोर्ट. मी त्याला त्याच्या पटांगणातून उचलून माईकपुढे नेलं, आणि भरवशाचं म्हणाल, तर तोवर मी त्याच्याशी खो-खो सोडून दुसरं काही बोललेच नव्हते.

आता यापुढचं जरा दुःखाचं आहे. नेवाशाला तालुक्याचे सामने होते. आमचा संघ निघाला. दुसऱ्या सामन्यात खांबाजवळ वळताना तो पडला आणि उठेचना. घोटा टम्म सुजलेला. डॉक्टरांनी विचारलं, ‘हे आजचं नाही. कधी मुरगळला?’ तो गप्प. बहीण बरोबर नव्हती, त्यामुळे वकीलही नाही. डॉक्टरांनीच दाबून बघून सांगितलं, पाय दोन दिवसांपूर्वी सरावात मुरगळला असणार. त्या पायावर हा दोन दिवस पळत होता! पहिल्याच दिवशी विश्रांती घेतली असती तर लवकर बरं झालं असतं. आता सहा आठवडे खेळ बंद.

परत येताना जीपमध्ये मी त्याला विचारलं, ‘दुखत होतं तर सांगितलं का नाहीस रे?’

घोडेगाव येईपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘सांगायला आलो होतो. तुम्ही फळ्यावर लिहीत होता.’

मला आठवलं. खरंच आला होता. टेबलाजवळ उभा राहिला होता. मला वाटलं होतं, वही दाखवायला आला असेल. मी वळले तोवर तो जागेवर जाऊन बसला होता.

म्हणून सांगते, खेळणाऱ्या मुलाचं लाजणं ही नुसती गंमत नाही. ‘आमचा बाळ्या लाजाळूचं झाड आहे’ म्हणून हसण्यावारी नेऊ नये. दुखतंय हे सांगता आलं पाहिजे. तहान लागली, बूट चावतोय, यादीत नाव चुकलंय, कुणी त्रास देतंय, हे सांगता आलं पाहिजे. हे सांगायला मैदानातला तो एक शब्द पुरत नाही.

त्या सहा आठवड्यांत मी बराच विचार केला. आणि मला दुसरी एक गोष्ट आठवली, सचिन तेंडुलकरची. ती तुम्हालाही माहीत असेल, पण या बाजूने तुम्ही तिच्याकडे बघितलं नसेल. १९८४ सालची गोष्ट. अकरा वर्षांच्या सचिनला त्याचा मोठा भाऊ अजित शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांकडे घेऊन गेला. सर समोर उभे राहून बघताहेत म्हटल्यावर सचिन बावरला. काही केल्या नीट खेळेना. सरांना तो पसंत पडला नाही. तेव्हा अजितने काय केलं? सचिनला तो रागावला नाही. ‘घाबरतोस काय, मर्दासारखा खेळ’ असंही म्हणाला नाही. तो सरांकडे गेला आणि त्यांना विनंती केली, की आणखी एक संधी द्या, तुम्ही निघून गेल्यासारखं करा आणि लांबून बघा. सर झाडाआड जाऊन उभे राहिले. सचिन खेळला, आणि पुढचं सगळं तुम्हाला पाठच आहे.

अजितने सचिनला बदललं नाही. त्याने फक्त सरांची जागा बदलली. मी ठरवलं, आपणही झाडाआड जायचं.

त्याचा पाय बरा झाल्यावर मी त्याला बोलावलं आणि म्हटलं, ‘पालकसभा आहे. गावातल्या आठ घरी चिठ्ठ्या द्यायच्या आहेत. सगळ्यांत जोरात तूच पळतोस, म्हणून हे काम तुझं.’ पळण्याचं काम म्हटल्यावर गडी खूश. दहा मिनिटांत परत हजर! मला वाटलं, जिंकलं. दुसऱ्या दिवशी कळलं, पठ्ठ्याने प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर चिठ्ठी ठेवली होती, वर दगड ठेवला होता आणि पळ काढला होता. तीन चिठ्ठ्या वाऱ्याने गेल्या. एक शेळीने खाल्ली.

पुढच्या वेळी मी नियम बदलला. चिठ्ठीबरोबर एक वही दिली. ‘प्रत्येक घरची सही आणायची.’

आता ती दारांची गोष्ट आठवा. तुमच्या गावात काय करता? कडी वाजवता, नाहीतर बेल दाबता. आतून कुणीतरी येतं, आपल्याला आपण होऊन विचारतं, ‘काय रे, काय पाहिजे?’ पहिला शब्द त्यांचा असतो. पण शिंगणापुरात दारच नाही, तर वाजवणार काय? तिथे बाहेर उभं राहून हाकच मारावी लागते. ‘काकू, आहात का घरात?’ पहिला शब्द आपलाच! आमच्या गावातल्या मुलांना यात काही विशेष वाटत नाही, पण याच्यासाठी ते ऑलिंपिक होतं.

मी लांब, पारावर बसून वह्या तपासत होते. म्हणजे तपासत असल्याचं दाखवत होते. तो पहिल्या घरापुढे गेला. उभा राहिला. मागे फिरला. पुन्हा गेला. असं चारदा झालं. मग त्याने ते केलं, ज्याची मला अजून गंमत वाटते. त्याने दोन पावलं मागे घेतली, खांबावरून वळताना घेतात तसा वाकला, पुढे गेला आणि चौकटीला हात लावून ओरडला, ‘काकू!’ हात आणि शब्द एकाच वेळी. अगदी नियमाप्रमाणे!

आतून काकू धावतच आल्या. ‘अगं बया, केवढ्यानं ओरडतोस रे! काय झालं?’

‘सही,’ तो म्हणाला आणि वही पुढे केली.

आठ सह्यांना त्या दिवशी दीड तास लागला. डिसेंबरच्या सभेला अर्धा तास. जानेवारीत एका आजीने त्याला बसवून घेतलं, गूळ-शेंगदाणे दिले आणि घरची सगळी चौकशी केली. तिथेच त्याचा वेळ गेला, नाहीतर आणखी लवकर आला असता.

मधल्या काळात मी आणखी एक काम केलं. त्याच्या बहिणीला गाठलं. तिला म्हटलं, ‘ताई, तू त्याच्यासाठी बोलू नकोस.’ तिला वाईट वाटलं. ‘बाई, तो नुसता उभा राहतो, मला बघवत नाही.’ खरंय. आपल्या माणसाला गप्प उभं राहिलेलं बघवत नाही. मी म्हटलं, ‘मनात दहापर्यंत आकडे मोज. तरी नाही बोलला तर बोल.’ पहिले पंधरा दिवस ती दहा आकडे भराभर मोजून मोकळी व्हायची, असं तिनेच मला नंतर सांगितलं!

एका शनिवारी ती मुद्दाम पाण्याचा हंडा आणायला गेली. नेमकी गाडी आली. आई पैशाच्या मोडीसाठी शेजारी गेलेली. गाडीतले लोक उतरले. त्याला तोंड फिरवावंच लागलं. त्याने एक प्रश्न शोधून काढला, ‘कुठून आलात?’ ते म्हणाले, ‘हुबळी.’ त्याला हुबळी कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. त्याने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. पुढे तो प्रत्येक गाडीला तेच विचारायला लागला. जालना, सुरत, नांदेड, इंदूर, परभणी. वर्षाच्या शेवटी पानं भरली होती. हे बघा, बोलायला विषय हवाच असतो, आणि आपल्याबद्दल सांगण्यापेक्षा समोरच्याला विचारणं केव्हाही सोपं. शिवाय कुठून आलात, असं कुणी विचारलं की माणसाला बरं वाटतं. हे मी त्याला शिकवलेलं नाही. त्याने मला शिकवलं.

भूगोलाच्या तासाला मी भिंतीवर नकाशा लावला आणि विचारलं, ‘हुबळी कुणाला दाखवता येईल?’ सगळा वर्ग चिडीचूप. तो उठला, पुढे आला आणि बोट ठेवलं. ‘कर्नाटक,’ म्हणाला. सगळ्यांना ऐकू आलं.

आणि इथे वर्गातल्या मुलांनी घोटाळा केला. त्यांनी टाळ्या वाजवल्या! ‘ए, बोलला रे बोलला!’ म्हणून बाकं बडवली. कौतुकानेच हो, पण तो पुन्हा दोन दिवस गप्प. तेव्हा तुमच्या वर्गात असा कुणी असेल आणि एके दिवशी तो बोलला, तर टाळ्या वाजवू नका. तो रोजच बोलतो असं समजून पुढचं बोला. डबा खाताना त्याला आपल्यात बसवा, पण ‘तू का गप्प रे?’ म्हणून विचारू नका. त्या प्रश्नाला उत्तर नसतं.

लिओनेल मेस्सीचं उदाहरण सांगते. २००० साली तेरा वर्षांचा मेस्सी अर्जेंटिनातून बार्सिलोनाच्या अकादमीत आला, तेव्हा इतका गप्प असायचा की बरोबरच्या मुलांना वाटलं, हा मुका आहे. त्या मुलांनीच हे पुढे सांगितलं आहे. एकत्र राहता-खेळता तो हळूहळू त्यांच्यात मिसळला.

तुमच्यापैकी जो स्वतःच असा लाजरा असेल, त्याला आणखी एक सांगते. खिशात चिठ्ठी ठेवायला लाजू नकोस. पहिलं वाक्य कागदावर लिहून न्यावं. २०१३ साली वानखेडे स्टेडियमवर सचिनने निरोपाचं भाषण केलं. दोनशे कसोटी खेळलेला माणूस, पण त्याच्याही हातात कागद होता. कुणाचं नाव विसरायला नको म्हणून त्याने यादीच करून आणली होती, आणि तसं सगळ्यांना सांगूनही टाकलं. कुणी हसलं का? उलट सारं स्टेडियम रडत होतं.

एक शंका मात्र तुमच्या मनात आली असेल. म्हणजे सगळ्यांनी बडबडं व्हायचं का? मुळीच नाही! आमच्याच जिल्ह्यातल्या संगमनेर तालुक्यात जन्मलेला अजिंक्य रहाणे घ्या. शांत, कमी बोलणारा. २०२० च्या डिसेंबरात ॲडलेडला आपला डाव अवघ्या ३६ धावांत आटोपला, विराट कोहली सुट्टीवर मायदेशी परतला आणि संघ रहाणेच्या हाती आला. मेलबर्नला त्याने ११२ धावा केल्या. रवींद्र जडेजाबरोबर खेळताना तो धावबाद झाला, तर चिडला नाही. उलट जडेजालाच धीर देऊन तंबूत परतला. तो सामना जिंकला, आणि १९ जानेवारी २०२१ ला ब्रिस्बेनचा सामना जिंकून मालिकाही जिंकली.

पण मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं. रहाणे मुंबईला घरी आला. ढोल-ताशे, फुलं, शेजाऱ्यांची गर्दी. कुणीतरी हौसेने केक आणला होता. त्यावर कांगारू होता. काप म्हणाले. रहाणेने तो केक कापला नाही. कांगारू ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय प्राणी, आणि प्रतिस्पर्ध्याचा मान राखायचा असतो, असं त्याने नंतर सांगितलं. विचार करा. वेगवान गोलंदाजापुढे उभं राहणं एक वेळ सोपं. आपलं कौतुक करायला जमलेल्या आपल्याच माणसांना ‘हे नको’ म्हणणं किती अवघड! तो ओरडला नाही, भाषणही केलं नाही. मला ‘तो’ तसाच व्हायला हवा होता. बडबड्या नव्हे.

सातवीच्या वर्षी एका निवासी क्रीडा शाळेची निवड चाचणी निघाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे असाच २००९ साली घर सोडून सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला होता, आणि २०२४ साली पॅरिसला त्याने नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. हे सांगितल्यावर वडील तयार झाले. तो मात्र म्हणाला, ‘बाई, तिथं कोणीच ओळखीचं नसंल.’ मी म्हटलं, ‘शनिवारी रसवंतीवर कोण ओळखीचं असतं?’ त्याने जरा विचार केला आणि आला.

चाचणीच्या मैदानावर तीनचारशे मुलं. पालक-शिक्षक जाळीच्या बाहेर. उंची झाली, वजन झालं, उडी झाली, चेंडूफेक झाली. शेवटी ८०० मीटर धावणं. ते तर याचंच. छातीवरचे नंबर पुकारून मुलांचे गट करत होते. एक गट धावला. दुसरा धावला. हा उभाच. पाचवा धावला, सहावा धावला. मुलं पिशव्या गोळा करायला लागली. एवढ्या गर्दीत एखादा नंबर राहतो, त्याचाच राहिला होता.

माझा जीव वरखाली. मी जाळीला धरलं आणि हाक मारायला तोंड उघडलं. शेजारी त्याची बहीण उभी होती. तिने माझा हात घट्ट धरला. ‘बाई, थांबा. दहापर्यंत मोजा.’

मी मोजायला लागले. सातला तो हलला. पळाला नाही, चालत गेला. शिट्टीवाल्या सरांपुढे जाऊन उभा राहिला. ते कागदात मान घालून लिहीत होते. हा उभाच. मला तो फळा आठवला. आणि मग त्याने काहीतरी म्हटलं. सरांनी मान वर केली, कागद उलटापालटा केला, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि रेषेकडे बोट दाखवलं. शेवटच्या गटात तो धावला आणि गटात पहिला आला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, ‘काय म्हणालास रे त्यांना?’

‘सर, माझा नंबर राहिला.’

‘एवढंच?’

‘एवढंच. येताना चिठ्ठीवर लिहून आणलं होतं, काही चुकलं तर म्हणायला. पण चिठ्ठी पिशवीत होती.’

निवड झाली का, असं विचाराल. नाही झाली. उडीत गुण कमी पडले. ते त्याने घरी स्वतःच सांगितलं, बहिणीच्या आधी. आता तो हायस्कुलात आहे, तिथल्या खो-खोच्या संघात आहे. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या मुलांनी आणि मुलींनी दोन्ही चषक जिंकले. दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, आपल्या महाराष्ट्राचे. त्याने मला विचारलं, ‘बाई, कर्णधार झालं की माईकवर बोलावं लागतं का?’ मी म्हटलं, ‘लागतं की.’ तो म्हणाला, ‘मग आधीच लिहून ठेवावं लागंल.’

मागच्या शनिवारी मी रसवंतीवर थांबले. बहीण कॉलेजच्या फॉर्मसाठी सोनईला गेली होती. तो पुढे उभा होता. मला म्हणाला, ‘बसा बाई. आलं घालू का लिंबू?’ मी काही सांगायच्या आत रस्त्यावर एक पांढरी गाडी थांबली आणि तो तिकडे वळला.

‘या, या! कुठून आलात?’